फुंकल्याशिवाय सुकट नाय

जमनाबाय आधी गिऱ्हाईकाला फुंकायला लावते, मग सुकट देते.

मी बनवून सांगत नाही. आमच्या गावात कोणालाही विचारा. बाई दारात आली, पाटी उतरवली, डोक्यावरची चुंबळ काढून कमरेला खोचली, एक हात चौकटीला लावला, की तिचा पहिला शब्द "काय पायजे?" हा नसतो. "फुंक," हा असतो. ओठ शिट्टी मारल्यासारखे करायचे, पण शिट्टी वाजवायची नाही. आतली हवा हळूहळू सोडत राहायची, पोट पाठीला लागेपर्यंत. मध्येच कोणी श्वास घेतला की ती ओरडते, "ए बाय! घ्यायला कोनी सांगितलं? आदी शिली हवा भायेर!"

मग पुन्हा पहिल्यापासून. तोवर बोंबील मिळत नाहीत.

मध्यंतरी शेजारच्या बिल्डिंगीत एक नवीन बिऱ्हाड आलं, घाटावरचं. त्या सुनेला वाटलं, ही बाई सरकारकडून छाती तपासायला आली आहे. तिने सासऱ्याला झोपेतून उठवलं, नवऱ्याला लॅपटॉपसमोरून उठवलं आणि सगळ्यांना दारात ओळीने उभं केलं. सगळे फुंकतायत आणि आत गॅसवर दूध उतू जातंय. शेवटी सासऱ्याने घाम पुसून विचारलं, "मॅडम, रिपोर्ट कधी मिळेल?"

जमनाबायने पाटीवरचं फडकं बाजूला केलं. "हा काय रिपोट. वाकट्या चांगल्या हायत. घे."

घेतल्या त्यांनी. काय करतील? एवढं फुंकल्यावर रिकाम्या हाताने आत कसं जायचं?

आणि रिकाम्या हाताने ती स्वतःही जात नाही. पैसे द्या, तिला चालतात, पण वर पाटीत काहीतरी टाकावंच लागतं. वांगं टाका, लिंबू टाका, नाहीतर कढीपत्त्याची काडी टाका. "एक हातानं दिलं, एक हातानं घेतलं, तर जीव चालतो," असं तिचं म्हणणं. बिल्डिंगीतल्या पोरी फोनने पैसे देतात आणि टोमॅटो शोधायला फ्रीज उघडतात.

मी शेतकरी माणूस. चौथीपर्यंत शाळा शिकलो, पुढे भात शिकलो. आमचं गाव खाडीकडचं. तीन बाजूंनी बिल्डिंगा आल्या, चौथ्या बाजूला खाडी आहे म्हणून वाचलं. खाडीही घेतली असती त्यांनी, पण भरती-ओहोटीला सातबारा नाही.

जमना समुद्रकाठच्या कळंबची कोळीण. तिचा नवरा कधीचाच गेला. एकुलता मुलगा दिनेश विरारला, चंदनसारला फ्लॅट घेऊन राहतो. ती मात्र कळंब सोडत नाही. बसने आमच्या नाक्यावर उतरते आणि पाटी डोक्यावर घेऊन फेरी करते. लग्न होऊन आली तेव्हापासून करते. माझी बायको येसू आणि ती गडणी, जिवाच्या मैत्रिणी होत्या. येसूने तिला कधी पैसे दिले नाहीत, तिने कधी मागितले नाहीत. ती जवळा मापायची, येसू भात मापायची, मग दोघी एकमेकींच्या मापाला नावं ठेवायच्या.

"येसू, तुझं माप तुझ्या नवऱ्यासारखं हाय. अर्ध्यातच थांबतं."

मी आत होतो. मला ऐकू येतंय हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच बोलली.

तर या बाईच्या पाटीवर यंदा संकट आलं. दिनेशच्या बिल्डिंगीची लिफ्ट बंद पडली आणि ती जिन्याने वर जाताना मध्येच पायरीवर बसली. दिनेशने वरून बघितलं.

"आई, बसलीस का?"

"चपला बगते रे. यांच्या दारातल्या चपला चांगल्या हायत. कुठून घेतल्या इचार."

दिनेश काही खुळा नाही. त्याने तिथेच सांगून टाकलं, "छाती तपासून घे. काही निघालं तर पाटी माळ्यावर आणि तू इथे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. बोंबील नाही, फुंक नाही, काही नाही. "भावजी, सहाव्या माल्यावर मी काय करू? खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बगू? पाटी गेली का मी गेले."

मी म्हटलं, "तपासून तर घे."

"तपासलं का निगतं," ती म्हणाली. "आमच्या येसूला तपासलं तेवा काय झालं?"

येसूचं सांगून टाकतो, नंतर अडखळायला नको. येसू छातीच्या दुखण्याने गेली. शेवटी बरेच दिवस इस्पितळात होती. मी एका बाजूला स्टुलावर, जमना दुसऱ्या बाजूला खाली. तिची फेरी झाली की ती पाटीसकट यायची. वॉर्डात मासळीचा वास सुटायचा आणि नर्स पाटी जिन्याखाली ठेवायला लावायची. छातीच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण स्वभावाने चांगल्या. एकदा त्यांनी कागदावर द्राक्षांचा घड काढला. म्हणाल्या, श्वासाच्या नळीला आत फांद्या फुटत जातात आणि टोकाला असे बारीक बारीक फुगे असतात. फुग्याची भिंत अगदी पातळ. तिला चिकटून केसाहून बारीक रक्ताच्या नळ्या. ताजी हवा भिंतीतून रक्तात जाते आणि रक्ताने आणलेली वापरलेली हवा भिंतीतून फुग्यात येते. ती आपण बाहेर सोडतो.

मला काही कळलं नाही. मी द्राक्षं बघत बसलो. जमना मात्र उठून उभी राहिली.

"बाई, म्हंजे आमचंच काम!"

त्या दिवसापासून हे फुप्फुसाचं पुराण सुरू झालं. पुढे ते गावात सगळ्यांना पाठ झालं. ती सांगते ते असं:

"छातीत घरं हायत. बारीक बारीक. मोजायला बसलास तर जल्म जाईल. भिंत कशी? कांद्याचा पापुद्रा जाडा पडेल. आनी रगत म्हंजे कोलीन. आख्ख्या आंगात फेरी करून दमून येतं, घराच्या भायेर उबं रातं. कोलीन घरात शिरत नाय, घरवाली भायेर येत नाय. काय देवान-घेवान ती उंबऱ्यावर. शिली हवा दिली, ताजी घेतली, चालली पुढं."

मी तिला तेव्हाच विचारलं होतं, "आत तराजू घेऊन कोण बसलंय? कोण देतं, कोण घेतं?"

"कोन नाय! तुमच्याकडं भात जास्त, माझ्याकडं मासली जास्त. भात माझ्याकडं येतं, मासली तुमच्याकडं जाते. कोनाला ढकलायला लागतं? जिथं जास्त तिथून कमीकडं."

डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "चालेल, आजी." तिथेच चुकलं. डॉक्टरनेच चालेल म्हटल्यावर जमनाला कोण थांबवणार?

एकदा मी थांबवली. नाक्यावर चार बायकांसमोर तिचं पुराण चाललं होतं. मी म्हटलं, "जमना, रक्त म्हणजे कोळीण ना? मग रक्त आणतं शिळी हवा आणि नेतं ताजी. म्हणजे तुझी मासळी झाली शिळी हवा आणि आमचं भात ताजी."

बायका हसल्या. जमनाने पाटी उचलली आणि चालायला लागली. मग बरेच दिवस ती माझ्या दारावरून न थांबता जायची, मान दुसरीकडे करून. एक दिवस अचानक आली, पाटी आपटली आणि म्हणाली, "भावजी, झाडाला इचारा. तुमची शिली हवा झाडाला ताजी लागते. कोनाचं शिलं ते कोनाला तरी ताजं असतं. आता फुंका."

कुठून शोधून आणलं देव जाणे. मी फुंकलं. करंदी मिळाली.

येसूला नक्की काय झालंय तेही मला जमनानेच समजावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आतल्या बारीक फुग्यांच्या भिंती मोडल्यात, लहान फुगे मिळून मोठे पोकळ फुगे झालेत. मी नुसती मान हलवली. जमनाने कपाळावर हात मारला. "येसू, तुझ्या छातीत बिल्डर शिरलाय गं! चालीतल्या खोल्या पाडून हॉल केलाय मेल्यानं. जागा तेवडीच, पन दारं गेली. दारंच नायत तर कोलीन उबी कुठं रानार?"

येसू मास्कच्या आत हसली. हसताना तिला दम लागला आणि नर्स आम्हा दोघांवर ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "विडी-सिगारेट ओढायच्या का?" तर जमनाच मध्ये बोलली, "विडी कुठली, बाई. चूल ओढली जल्मभर."

अशा छातीत शिळी हवा अडकून बसते, म्हणून आधी ती पूर्ण बाहेर सोडायची, तरच ताजीला जागा होते, हे त्यांनी शिकवलं. ओठ बारीक करून, हळूहळू. येसू कंटाळायची. जमना तिच्यासमोर बसायची, "माझ्याकडं बग," म्हणायची आणि दोघी फुंकायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन बाया दिवा विझवतायत आणि दिवा काही विझत नाही.

मग येसू गेली. घरात मी राहिलो. लोक येऊन "देवाची इच्छा" म्हणून गेले. मी म्हटलं, देवाला मी एकदा तरी विचारलं होतं का त्याची इच्छा? त्यानंतर लोक कमी आले. जमना येत राहिली. पण ती आली ते दारोदार लोकांना फुंकायला लावतच. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

आता तपासणीचं. दिनेशने रोज फोन करून पिच्छा पुरवला तेव्हा जमना माझ्याकडे आली आणि म्हणाली, "भावजी, तुमची छाती वाजते. डाक्टरकडं चला."

"माझी कुठे वाजते?"

"वाजते. मला ऐकू येते."

"मला का येत नाही?"

"तुमाला कुठं काय ऐकू येतं? येसू सांगून सांगून दमली."

तिचा डाव मला रिक्षात बसल्यावर कळला. डॉक्टरकडे जायचं, मला तपासायचं आणि दिनेशला सांगायचं, "छातीच्या डाक्टरकडं जाऊन आले." "खोटं काय त्यात?" ती म्हणाली. खोटं काही नव्हतं, हे खरंच.

डॉक्टरीणबाई त्याच. आम्हाला बघून त्या खुर्चीतून उठल्या. येसूचं नाव कोणी काढलं नाही. मला एका यंत्रासमोर बसवलं, नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. तिथली मुलगी म्हणाली, "काका, खोल श्वास घ्या आणि एकदम जोरात फुंका. थांबू नका. जोरात, जोरात, अजून, अजून!" मागून जमना तिच्यावर आवाज काढून, "येऊ द्या! येऊ द्या! रेतीतून होडी ढकलल्यासारखं! थांबलात का होडी मागं येल!"

मी फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "काका, तुमची छाती बैलासारखी आहे."

मी म्हटलं, "परत बघा."

"बघितलं. अगदी ठणठणीत."

मला राग आला, खरं सांगतो. जिला पाहिजे होती तिला हवा पुरली नाही, आणि इथे मी, ज्याला उठून चहा करायचा कंटाळा येतो, त्याच्या छातीत सगळी दारं उघडी. कशाला पाहिजे मला एवढी हवा? मी तोंड उघडून हे बोलणार होतो. पण डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या जमनाकडे बघत होत्या.

जमनाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. मला ओरडून ओरडून तिला धाप लागली होती. ओठ बारीक करून ती हळूहळू फुंकत होती, आवाज न करता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चौकटीला लावलेला हात. गिऱ्हाईक फुंकतंय तेवढा वेळ ही पाटी खाली ठेवून उभी. आख्खं गाव हिच्या समोर फुंकत होतं आणि तेवढ्यात हिचा दम परत येत होता.

"आजी, आता तुम्ही बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी सोबत आलेय."

"सोबतीलाही तपासतो आम्ही."

"मला यष्टी पकडायची हाय."

ती उठून दाराकडे निघाली. मी दारात उभा राहिलो आणि चौकटीला हात लावला.

"जमना, फुंक. फुंकल्याशिवाय नाही सोडणार."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला माशासारखा सोलून ठेवेल. मग मुकाट्याने येऊन बसली. चिमटा लावला, नळी घेतली, फुंकली. मुलगी "अजून, अजून" म्हणत होती, पण अजून नव्हतं. फुंकर अर्ध्यातच बसली. जमना नळी तोंडातून काढेना.

डॉक्टरीणबाईंनी मग शांतपणे सांगितलं. येसूसारखंच आहे, पण येसूएवढं नाही. वेळेत आलात. पंप देते, रोज ओढायचा, चुकवायचा नाही. चुलीपाशी बसायचं नाही.

जमनाने एवढंच विचारलं, "फेरी?"

"चाला की. चालायलाच पाहिजे. दम लागला की थांबायचं. पण डोक्यावर ओझं नको."

"पाटीशिवाय फेरी म्हंजे नवरीशिवाय वरात," जमना म्हणाली. पण जोर नव्हता तिच्या बोलण्यात.

बाहेर बसस्टॉपवर आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, "कधीपासून?"

"येसूच्या आदीपासून."

"म्हणजे वॉर्डात तू..."

"मग काय. मी शिकवत होते तिला? दोगी शिकत होतो. येसूला ठाऊक होतं. ती म्हनाली, आमच्या यांना सांगू नको. एकीचं कललं तर भिंतीकडं तोंड करून बसतायत, दोगींचं कललं तर उठायचेच नायत."

येसू असं बोलली असेल. तिच्या बोलण्याचा सूर मला ओळखू येतो, कोणाच्याही तोंडून आला तरी.

"पण गावाला कशाला फुंकायला लावतेस?" मी विचारलं. "दम खायला थांबायचं तर नुसती थांबायचीस."

जमना पदराशी चाळा करत राहिली. "ती गेली ना. मग मी फुंकू कोनासंगती? एकटीनं बसले का दोन फुंकरीत रडू येतं, भावजी. समोर कोनतरी ओठ बारीक करून बसलं तर जमतं. कोन का असेना."

बस आली. ती आमची नव्हती. आम्ही बसून राहिलो.

दिनेशला मीच सांगितलं, तिच्यासमोर, सगळं. लपवाछपवी मला जमत नाही आणि पोराला आईचं कळायला पाहिजे. तो लगेच म्हणाला, "मग पाटी बंद."

मी म्हटलं, "पाटी बंद नाही. तिचं डोकं बंद."

"मग कोणाच्या डोक्यावर?"

"माझ्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बैलासारखी छाती आहे. बैलाला दुसरं काय काम?"

दिनेश आईकडे बघायला लागला. जमना माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "यांना पाटी धरता तरी येते का?"

दिनेशने शेवटी मान डोलावली, पण अटीवर. पंप रोज, चूल बंद, आणि रविवारी चंदनसारला जेवायला यायचं. जमनाने दोन अटी मान्य केल्या आणि चुलीवरून अजून भांडते आहे.

आमच्यात बाप्या माणूस मासळीची पाटी डोक्यावर घेत नाही. पहिल्या दिवशी नाक्यावरची रिकामी मंडळी उठून उभी राहिली. एक जण म्हणाला, "तात्या, भातशेती सोडून कोळी कधी झालात?" मी म्हटलं, "ये, तुला फुंकायला लावतो." चुंबळ मला बसेना, पाटी कधी डाव्या कानावर, कधी उजव्या. जमना पुढे, दोन्ही हात मोकळे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडत, "बोंबील, जवला, वाकट्या!" आणि मागे वळून, "मान ताठ! भाताचा भारा नाय तो!"

दारात ती पायरीवर बसते आता, उभी राहत नाही. बाई फुंकते, जमना फुंकते, आणि मलाही फुंकावं लागतं, कारण पाटीवाल्याला सुट्टी नाही. बिल्डिंगीतल्या पोरी मला हसतात. हसू देत. केसाला वास येतो तो साबणाने जात नाही. रात्री उशीला येतो. येसू असती तर बाहेर ओट्यावर झोपवलं असतं मला.

फेरी झाली की मी तिला नाक्यावर कळंबच्या बसमध्ये बसवतो. बस हलली की ती खिडकीतून डोकं बाहेर काढते, कंडक्टर ओरडत असतो तरी, आणि उरलीसुरली सगळी हवा एकदम सोडून बोंबलते, "भावजीऽऽ, जेवून घ्या!"

हे आधी माझ्या घरात एक माणूस हळू आवाजात म्हणायचं. आता आख्ख्या नाक्याला ऐकू जातं. लोक बघतात. मग मला घरी जाऊन जेवावंच लागतं.